दोरी, दिवे आणि पस्तीस तास

२ जुलै २०१८. थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत, तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत, गढूळ पाण्यातून दोन डोकी वर आली. एक जॉन वोलान्थन, दुसरा रिक स्टँटन. समोर चिखलाच्या उतारावर नऊ दिवसांपासून अडकलेली बारा मुलं आणि त्यांचा कोच. पुढची गोष्ट सगळ्या जगाला माहीत आहे, तिच्यावर सिनेमे झाले, मालिका झाल्या. माझं डोकं मात्र भलत्याच ठिकाणी अडकलं. स्टँटन हा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा निवृत्त फायरमन. आणि वोलान्थन? ब्रिस्टलचा आयटी कन्सल्टंट! म्हणजे सोमवार ते शुक्रवार तुमच्या-माझ्यासारखाच सिस्टिम आणि क्लायंटच्या भानगडीत असलेला माणूस. त्याच टीममधला ख्रिस ज्युएल हाही सॉफ्टवेअरवालाच.

गुहेबाहेर त्या वेळी थायलंडच्या नौदलाचे कमांडो होते, अमेरिकन हवाई दलाची तुकडी होती, अनेक देशांचे तज्ज्ञ होते. आपली माणसंही होती बरं का. भारतीय दूतावासाच्या शिफारशीवरून पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची टीम ५ जुलैपासून तिथे होती, गुहेतलं पाणी उपसायचं कसं हे सांगायला. त्यात प्रसाद कुलकर्णी आणि श्याम शुक्ल ही नावं तेव्हा बातम्यांत आली होती. लागले तर असावेत म्हणून सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार मोठे पंपही तयार ठेवले होते. एवढा सगळा सरंजाम, आणि पाण्यात सगळ्यात पुढे कोण? तर छंद म्हणून गुहांत बुड्या मारणारे दोन मध्यमवयीन इंग्रज.

हे असं का, या प्रश्नामागे गेले तीन-चार वीकएंड गेले. त्यातून जे हाती लागलं ते असं.

आधी गुहेतलं डायव्हिंग म्हणजे काय ते सांगतो. समुद्रात स्कुबा करताना काही बिघडलं तर (फार खोल नसाल तर) शेवटचा उपाय कायम शिल्लक असतो : वर जायचं. गुहेत डोक्यावर छत असतं. वर जाणं नाहीच. आलात त्याच वाटेनं, तेवढंच अंतर परत. शिवाय अंधार. आणि तिसरा, सगळ्यात वाईट शत्रू म्हणजे गाळ. तळाशी पिठासारखा बसलेला असतो, पायातल्या फिनचा एक चुकार फटका बसला की नितळ पाण्याचा चहा होतो. टॉर्च डोळ्याला लावला तरी दिसत नाही. तेव्हा या खेळातलं कौशल्य म्हणजे पोहणं नव्हेच. सगळं बिघडलेलं असताना, आंधळं होऊन, श्वासाचा वेग न वाढू देता, हातांनी काम करत राहणं.

आमच्या मावळात गुहा म्हटलं की कार्ला, भाजे, बेडसे. शिरगावहून सगळ्यात जवळ म्हणजे घोरावडेश्वराच्या डोंगरातली शेलारवाडीची लेणी. पण ही सगळी माणसानं छिन्नी-हातोड्यानं खोदलेली. सह्याद्रीचा काळा दगड पाण्यात विरघळत नाही. विरघळतो तो चुनखडक, आणि म्हणून पाण्याखालच्या लांबच लांब गुहा सापडतात त्या फ्लोरिडात, मेक्सिकोत, इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये. आपल्याकडे चुनखडकाच्या मोठ्या गुहा पाहायच्या तर मेघालयात जावं लागतं. तर मंडळी, हा इतिहास आपल्या मातीतला नाही. पण तो आपल्या दारापर्यंत येतो, तिकडे वळूच.

सुरुवात झाली इंग्लंडमध्ये, आणि तीही एका इंजिनियरकडून (बरं वाटलं वाचून). ग्रॅहम बाल्कम हा टपाल खात्यातला इंजिनियर, त्याचा जोडीदार जॅक शेपर्ड. गुहा फिरायच्या, आणि जिथे छत पाण्याला टेकतं तिथून परत यायचं, याचा दोघांनाही वैताग. (गुहावाले अशा जागेला 'संप' म्हणतात. गिरणीतला संप नव्हे, बिल्डिंगखालच्या टाकीतला.) मग सायकलीच्या फ्रेमचे तुकडे आणि बागेला पाणी घालायचा पाइप वापरून श्वास घ्यायचं यंत्र घरीच बनवून पाहिलं. १९३५ च्या उन्हाळ्यात त्यांनी सॉमरसेटमधल्या वूकी होल गुहेत पहिली पद्धतशीर मोहीम काढली. पितळी शिरस्त्राण, शिशाचे बूट, वरून पंपानं हवा. म्हणजे पोहणं कसलं, तळावरून चालणंच. १९४६ मध्ये बाल्कमनंच 'केव्ह डायव्हिंग ग्रुप' काढला. तीनच वर्षांनी, १९४९ मध्ये, वूकी होलमध्येच गॉर्डन मॅरियट हा त्यांचा सभासद दगावला. ग्रुपचा पहिला बळी.

या ग्रुपनं शिकवायची जी पद्धत ठेवली ती मला फार आवडली. दुकान नाही, फी घेणारा इन्स्ट्रक्टर नाही, चार दिवसांचा कोर्स नाही. आधी तुम्ही गुहेत सरपटणारे, चढणारे पक्के गडी असायला हवं. मग ट्रेनी म्हणून नाव घालायचं आणि जुन्या सभासदांबरोबर, त्यांच्या सवडीनं, थंड, अरुंद, चिखलाच्या पाण्यात शिकत राहायचं. किती दिवस? तयार होईपर्यंत. आपल्याकडे कुस्तीची तालीम चालते त्यातलाच प्रकार. वस्ताद तुमच्याकडून महिनोन् महिने नुसती माती उकरून घेतो, जोर-बैठका काढून घेतो, आणि डाव शिकवायचं नावच काढत नाही. आणि गंमत बघा, मराठीत सरावाची जागा आणि सराव या दोन्हींना आपण 'तालीम'च म्हणतो. रिक स्टँटननं १९७९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, टीव्हीवर इंग्लंडमधल्या गुहा-डायव्हिंगची एक डॉक्युमेंटरी पाहिली आणि तो याच्या नादी लागला. थाम लुआंग २०१८ साली. मधल्या एकोणचाळीस वर्षांचा हिशोब 'छंद' या शब्दात बसत नाही.

अमेरिकेत मात्र उलटी गंगा. इंग्लंडात गुहावाले डायव्हिंग शिकले, फ्लोरिडात डायव्हिंगवाले गुहेत घुसले. तिथले झरे म्हणजे दिसायला स्विमिंग पूल. कोमट, काचेसारखं निळं पाणी, गाडी लावा आणि उडी मारा. आणि तळाशी एक काळं भोक. साठ आणि सत्तरच्या दशकात स्कुबाचं सामान स्वस्त झालं, आणि त्या भोकांत शेकडो माणसं मेली. त्यात समुद्रातले उत्तम डायव्हर होते, दुसऱ्यांना शिकवणारे इन्स्ट्रक्टरसुद्धा होते. हेच मला महत्त्वाचं वाटतं. कौशल्य होतं, पण वेगळ्या पाण्याचं. समुद्रात दिलेल्या तासांनी त्यांना गुहेचं काहीच शिकवलं नव्हतं, उलट एक खोटा आत्मविश्वास मात्र दिला होता.

इथे एन्ट्री होते शेक एक्सलीची. फ्लोरिडातल्या हायस्कुलात बीजगणित शिकवणारा मास्तर. १९६६ मध्ये पहिल्यांदा गुहेत उतरला आणि विशी-बाविशी संपते न संपते तोवर हजार बुड्या नावावर. एवढ्या बुड्या नोंदवणारा तो पहिला. पण मला तो मोठा वाटतो वेगळ्या कारणासाठी. त्यानं मेलेल्या लोकांच्या फायली उघडल्या. आपण प्रॉडक्शनला काही कोसळलं की रूट कॉज अॅनालिसिस करतो ना (निदान एक्सेलमध्ये तरी), तेच यानं केलं. प्रत्येक अपघातात नेमकं काय तुटलं? १९७९ मध्ये त्यानं एक छोटं पुस्तक काढलं, एकेक अपघात सांगत त्यातून एकेक नियम काढणारं. पुन्हा पुन्हा तीनच गोष्टी वर येत होत्या. बाहेरच्या उजेडापर्यंत जाणारी अखंड दोरी नव्हती. परतीपुरता गॅस राखलेला नव्हता. आणि झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. पुढच्या विश्लेषणांत आणखी दोन गोष्टी जोडल्या गेल्या : दिवे कमी होते (नियम निदान तीन दिव्यांचा), आणि मुळात गुहेचं प्रशिक्षणच नव्हतं. हे शेवटचं कारण आता यादीत पहिलं असतं.

यातला गॅसचा नियम बघा, आपल्याला आवडेल असा आहे. एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, एक तृतीयांश राखीव. का? तर सगळ्यात लांबच्या टोकाला जोडीदाराचा गॅस शून्य झाला, तर तुमच्या उरलेल्या दोन तृतीयांशावर दोघांनी बाहेर यायचं. गणित अगदी काट्यावर जमतं. पण त्या गणितात एक गृहीतक लपलेलं आहे : दोघांचा श्वास जातानाच्याच वेगानं चाललाय. घाबरलेला माणूस दुप्पट-तिप्पट श्वास घेतो आणि मग हे समीकरण अर्ध्या वाटेत संपतं. म्हणजे नियम कागदावर बरोबर ठरतो, पण तो पाण्यात खरा ठरवायला न घाबरणारं शरीर लागतं. आणि शरीराला न घाबरायला सांगून चालत नाही, ते घडवावं लागतं.

ते घडवायची शिडी अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून हळूहळू बनत गेली. पहिली पायरी म्हणजे गुहेच्या तोंडाशी, जिथपर्यंत सूर्याचा उजेड दिसतो तिथपर्यंतच. मग थोडं आत, पण एकाच सरळ दोरीवर, फाटे न घेता, आणि गॅसची मर्यादा आणखी कडक. मग पुढची पायरी. प्रत्येक पायरीनंतर अपेक्षा अशी की पुढच्या कोर्सला पळू नका, आहे त्या पायरीवर बुड्या मारत राहा.

आणि सराव कसला? तर सुरुवात जमिनीवर. झाडाझाडांना दोरी गुंडाळायची, डोळे मिटायचे, अंगठा आणि तर्जनीची कडी दोरीभोवती धरून चालत सुटायचं. पुढच्याच्या दंडावर मागच्याचा हात. ढकललं म्हणजे पुढे चल, ओढलं म्हणजे मागे हो. बघणाऱ्याला वाटावं लहान मुलांची आगगाडी चाललीय. मग तेच पाण्यात. मग तेच दिवे बंद करून. मग दिवे बंद, आणि दोघांत एकच रेग्युलेटर. मग मुद्दाम दोरी हातातून सोडवायची आणि आंधळेपणी परत शोधायची. एवढं झालं की पुन्हा पहिल्यापासून. यात नवीन काही शिकणं दहा टक्के, उरलेलं सगळं तेच तेच. आपल्या पिढीला सगळ्यात जड जाणारी गोष्ट.

हे हळूहळूच का करायचं, आठवड्याभरात ढकलून का नाही, याला एक छान पुरावा आहे आणि तो पुन्हा इंग्लंडच्या टपाल खात्यातूनच येतो (काय योगायोग!). सत्तरच्या दशकात तिथे पत्रं निवडायची नवी यंत्रं आली आणि पोस्टमन लोकांना कीबोर्ड शिकवायची वेळ आली. ॲलन बॅडली नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी लाँगमन यांनी पोस्टमनचे चार गट केले. एका गटाला दिवसाला एकच तास. दुसऱ्या टोकाच्या गटाला दिवसाला दोन-दोन तासांची दोन सत्रं. बाकीचे दोन मधले. १९७८ मध्ये निकाल छापला. रोज एक तासवाल्यांना कीबोर्ड यायला साधारण ३५ तास लागले. चार तासवाल्यांना साधारण ५०. म्हणजे घाईनं शिकलं की काम वाढतं. पण थांबा, खरी मजा पुढे आहे. आपल्या ट्रेनिंगवर सगळ्यात नाखूश कोण होतं? रोज एक तासवाले! साहजिक आहे. चार तासवाल्यांचं बारा-तेरा दिवसांत आटपलं, हे बिचारे कितीतरी आठवडे घासत बसले. कॅलेंडरकडे पाहिलं तर हेच मागे पडलेले. कुठल्याही मॅनेजरला विचारा तो कुठला प्लॅन पास करेल.

कीबोर्डचा निष्कर्ष जसाच्या तसा गुहेला चिकटवणं बरोबर नाही, मला मान्य आहे. पण याच बॅडलीनं डंकन गॉडनबरोबर केलेला १९७५ चा प्रयोग तर थेट डायव्हरवरचाच आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर डायव्हर लोकांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. काही जमिनीवर, काही पाण्याखाली. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले, जमिनीवरचे जमिनीवर. आठवण डोक्यात असते तशी जागेतही असते म्हणायची. झाडांभोवतीचा सराव आवश्यक आहे पण पुरेसा नाही, आणि फ्लोरिडातल्या त्या पट्टीच्या समुद्री डायव्हर लोकांचं काय झालं, हे दोन्ही यातून थोडंफार कळतं.

आता घाईची बाजू. डेव्ह शॉ हा ऑस्ट्रेलियन, विमानाचा पायलट. १९९९ मध्ये डायव्हिंग शिकला. पाचच वर्षांत, ऑक्टोबर २००४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल नावाच्या पाण्यानं भरलेल्या गुहेत २७० मीटरवर पोचला. (साडेतीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी थोडे कमीच पडतात.) तिथे त्याला डिऑन ड्रेयर या तरुणाचा मृतदेह दिसला, दहा वर्षांपूर्वी, डिसेंबर १९९४ मध्ये तिथेच बुडालेला. शॉनं ठरवलं, याला घरी न्यायचं. यात बेफिकिरी नव्हती हे मुद्दाम सांगतो. पायलटच तो, चेकलिस्टचा माणूस. मृतदेह पिशवीत कसा भरायचा याचा सरावही केला. पण तो सराव असा धरून होता की सामानाच्या आत आता सांगाडा उरला असेल आणि तो तळाशीच राहील. ८ जानेवारी २००५ ला तो खाली गेला तेव्हा देह मेणासारखा होऊन टिकला होता, आणि सुटा होताच तरंगायला लागला. त्यात हेल्मेटला कॅमेरा लावलेला. त्यामुळे हातातला दिवा नेहमीसारखा मानेमागे टाकता येईना, बाजूला ठेवला तर त्याच्या वायरीत दोरी अडकली. त्या खोलीवर जरा धडपड केली की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू मंदावतो. शॉ वर आलाच नाही. वाटेत थांबलेला त्याचा मित्र डॉन शर्ली मरता मरता वाचला, कानाचा तोल कायमचा गमावून. चार दिवसांनी दोऱ्या ओढताना शॉ आणि ड्रेयर, दोघांचेही देह बरोबरच वर आले.

दिव्याची जागा बदलली, एवढंच. शेकडो वेळा केलेली हालचाल त्या दिवशी करता आली नाही. वाचून मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

पाच वर्षांत २७० मीटर ही घाईच, असं म्हणून हात झटकता आले असते. पण मग एक्सलीचं काय करायचं? तोच एक्सली, नियम लिहिणारा, हजारो बुड्या मारलेला. ६ एप्रिल १९९४ ला मेक्सिकोतल्या झाकाटोन या कुंडात हजार फुटांच्या खाली जायला उतरला आणि गेला. म्हणजे सरावाचीही हद्द असते. ज्या अपघाताची फाइल आधी उघडली गेली आहे त्याचाच सराव करता येतो. जिथे आजवर कोणी गेलंच नाही तिथला सराव कुठून आणणार?

आकडेही तेच सांगतात. १९८५ ते २०१५ या तीस वर्षांत अमेरिकन गुहा-डायव्हिंगमध्ये १६१ मृत्यू नोंदले गेले. वर्षाला आठाच्या आसपास असलेलं प्रमाण तीनच्या खाली आलं. शिडी चालली. पण मरणाऱ्यांमध्ये प्रशिक्षितांचा वाटा त्याच काळात दुप्पट झाला. अडाणीपणानं मरणारे कमी झाले, आता मरतात त्यांत सर्टिफिकेटवाले वाढलेत. सर्टिफिकेटवर तारीख असते, त्यानंतर तुम्ही किती वेळा दिवे बंद करून दोरी धरलीत ते त्यावर लिहिलेलं नसतं.

आता परत थाम लुआंगला येऊ, कारण तिथे हाच वेगाचा प्रश्न जीवघेणा होऊन उभा राहिला. मुलं सापडली. आता? एक पर्याय होता पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे काही महिने, थांबायचं. दुसरा, मुलांना आतच डायव्हिंग शिकवायचं. टीव्हीवर तर तेव्हा याच दुसऱ्या पर्यायाची चर्चा चालली होती. पण स्टँटन-वोलान्थनला उत्तर आधीच कळलं होतं. मुलं सापडायच्या काही दिवस आधी त्यांना आत अडकलेले चार पंप कामगार अचानक भेटले होते. धडधाकट, मोठी माणसं. त्यांना अगदी छोटीशी बुडी मारून बाहेर काढताना ती पाण्यात इतकी झटापट करू लागली की सोडवणाऱ्यांच्याच जिवावर बेतलं. मग मुलांचे दोन-तीन तास कसे निघणार? वेळ तरी कुठे होता? ६ जुलैला समन कुनान हा थाई नौदलाचा माजी कमांडो आत सिलिंडर पोचवून परतताना गेला. अंगानं लोखंड होता तो. मुलांच्या जागेतला ऑक्सिजन पंधरा टक्क्यांवर उतरला होता, आणि वर पुन्हा पाऊस.

तेव्हा त्यांनी प्रश्नच उलटा केला. मुलांना कौशल्य देता येत नाही ना? मग त्यांना कौशल्य लागणारच नाही असं करायचं. ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस, स्वतः गुहा-डायव्हर, यानं मुलांना भूल दिली. बेशुद्ध मूल, तोंडावर घट्ट बसवलेला मास्क, आणि सामानासारखं हातात धरून नेणारा एक डायव्हर. तेरा जणांत कौशल्य वाटण्यापेक्षा चौघांत होतं तेवढंच वापरायचं. आणि तरीही, इतक्या घाईतही, सराव सोडला नाही. जवळच्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात त्याच वयाची, त्याच चणीची मुलं घेऊन मास्क आणि पकड तपासली. मैदानात पाण्याच्या बाटल्या आणि दोऱ्या मांडून कोण कुठे उभा, कोण काय उचलणार, याची पायी रंगीत तालीम केली. ८, ९ आणि १० जुलै. तेराच्या तेरा जिवंत.

त्याच वर्षी आपल्याकडे काय झालं ते फार जणांच्या लक्षात नाही. १३ डिसेंबर २०१८ ला मेघालयात पूर्व जैंतिया हिल्स जिल्ह्यात, क्सान इथल्या बेकायदा कोळसा खाणीत बाजूच्या नदीचं पाणी शिरलं. पंधरा मजूर आत. साधारण ३७० फुटांची उभी विहीर आणि तळाशी माणूस रांगत जाईल एवढी बिळं. एनडीआरएफच्या पाणबुड्यांची मर्यादा चाळीस फुटांच्या आसपास, पाणी त्याहून खोल. विशाखापट्टणमहून नौदलाचे डायव्हर आले. तळाशी जेमतेम फूटभर दिसत होतं. पंप कमी पडले. इथेही पुढे किर्लोस्करचे पंप आणि माणसं गेली. जानेवारीत पाण्याखालच्या रोबोला पहिला मृतदेह दिसला. मार्च २०१९ मध्ये मोहीम थांबली तोवर दोनच हाती लागले होते.

थायलंडशी तुलना करून आपल्या जवानांना नावं ठेवणाऱ्या पोस्ट तेव्हा फिरल्या होत्या. मला त्या अन्यायाच्या वाटतात. उघड्या पुराच्या पाण्यात बोटी घेऊन माणसं काढायला तयार केलेल्या दलाला तुम्ही एका रात्रीत बिळात उतरायला सांगताय. ते कौशल्य डिसेंबरमध्ये विमानानं मागवून मिळत नाही, पंप मिळतात. ते आधीच कुणीतरी, कुठल्याही बातमीविना, वर्षानुवर्षं करत असावं लागतं.

आणि हे दूरचं नाही. एनडीआरएफची पाचवी बटालियन आमच्याच मावळात, सुदुंबऱ्याला आहे. शिरगावच्या कडेनं पवना वाहते, डोंगरापलीकडे इंद्रायणी. इंद्रायणीवर कुंडमळा आहे, जिथला जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ च्या रविवारी पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जण गेले. कुंडमळ्याचे कुंड म्हणजे रांजणखळगे, पाण्यानं गोटे फिरवून कातळात पाडलेले. पावसाळ्यात त्यावरून लाल पाणी धावतं. त्यात अडकलेल्या माणसाला शोधायला उतरणाऱ्याला कुठल्याही गुहेइतकंच कमी दिसतं, आणि डोक्यावर कातळाची कड आहे की मोकळं पाणी, हे हातानंच चाचपावं लागतं. अशा काळ्या पाण्यासाठी जगभर एकच साधी पद्धत आहे. डायव्हरच्या अंगाला दोरी, दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि किती हिसके म्हणजे काय हे दोघांत ठरलेलं. एक्सलीचीच अखंड दोरी, फक्त एक टोक जिवंत.

ती जोडी जमायला काय लागतं ते पोस्टमनांनी दाखवलंय : रोज थोडं, बरेच आठवडे, आणि कंटाळा. खरं तर जागा आणि मोसम दोन्ही आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत पवनेचं पाणी संथ आणि नितळ असतं, डोळ्यांवर पट्टी बांधून उतरायला उत्तम. पण जानेवारीत कोणी बुडत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. गावातला पट्टीचा पोहणारा मग जुलैतल्या एखाद्या रविवारी, काठावर पाचशे माणसं मोबाईल धरून उभी असताना, पहिल्यांदा त्या दोरीला गाठ मारतो.